एक ठोका जास्त

शिफाचा मेसेज आला तेव्हा मी दात घासत होतो. आधी एक पोस्टर आलं आणि खाली ओळ: 'काका, हा पिक्चर मोबाईलवर आलाय. अब्बू म्हणतात गुरुवारी दुपारी घरी या, सगळे मिळून बघू.' पोस्टरवर बंद दार, दाराखालच्या फटीतून आत आलेला लांब नखांचा हात आणि वर लाल अक्षरांत ते नाव. ते मी इथे लिहिणार नाही, कारण त्या पिक्चरची एवढीसुद्धा जाहिरात माझ्या हातून व्हायला नको. तोंडातला फेस न थुंकताच मी शिवी घातली. बायकोनं आतून विचारलं, "कुणाला?" म्हटलं, "पिक्चरला." ती हसली. तेरा वर्षं मी त्या पिक्चरवर डूख धरून आहे हे तिला कुठे माहीत. टीव्हीवर भुताखेताचं काही लागलं की मी आधी नाव बघायचो, आज तोच तर नसेल? पण तो इतका टाकाऊ होता की कुठल्याच चॅनेलनं घेतला नाही, आणि मी हळूहळू निर्धास्त झालो होतो. आता नुमानच्या पोरीनं तो दोन बोटांनी शोधून काढला.

आमच्या पट्ट्यात वीज गुरुवारी बंद ठेवतात, म्हणून कारखान्यांची सुट्टीही गुरुवारी असते. सगळं जग रविवारी लोळतं तेव्हा आम्ही डबा घेऊन गेटवर उभे असतो, आणि शुक्रवारी लागलेला पिक्चर आम्हाला गुरुवारी, म्हणजे उतरायच्या दिवशी बघायला मिळतो. तेव्हा मी आणि नुमान भोसरीत पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये शेजारशेजारच्या मशीनवर होतो. मी चाकणजवळच्या गावातला, वडिलांशी भांडून शेत सोडून आलेला. तो काळेवाडीचा, तिथेच जन्मलेला. पोस्टर दोघांनी मिळूनच पाहिलं होतं, कंपनीच्या बसमधून, सलग सहा दिवस. दाराखालचा तो हात बघून नुमान म्हणाला होता, "ज्ञाना, हा बघायचाच." पण त्या गुरुवारी त्याच्या बायकोला, झुलेखाभाभीला, सातवा महिना होता आणि दवाखान्याची तारीख होती, म्हणून मी एकटाच पिंपरीच्या थेटरात गेलो. आता तिथे लग्नाचा हॉल आहे. आणि काय बघितलं मी तिथे? एक व्हॅम्पायर, हिल स्टेशनच्या बंगल्यात राहणारा, केसांना तेल लावलेला. रक्त म्हणजे सरळ सरळ रोझ सरबत, हनुवटीवरून ओघळून शर्टावर गुलाबी डाग. एका गाण्यात तर बर्फात नाचता नाचता त्याचा डावा सुळा हलला, स्पष्ट दिसलं, आणि तेच त्यांनी ठेवून दिलं. सुरुवातीलाच कोणीतरी पुजारी सांगतो की घरातल्या माणसानं 'आत ये' म्हटल्याशिवाय रक्तपिशाच्चाला उंबरा ओलांडता येत नाही. मी खुर्चीत सावरून बसलो. म्हटलं, आता पोस्टरवरचं दार येणार. दहा मिनिटांनी तो बेशरम माणूस खिडकीतून आत आला, आणि पुन्हा त्या नियमाची कोणी आठवणही काढली नाही. पोस्टरवरचं दार शेवटपर्यंत आलंच नाही. शेवटी नायिका घामाघूम होऊन जागी होते: सगळं स्वप्न होतं! थेटरात आम्ही अकरा जण होतो, अकराही जणांनी शिव्या दिल्या. मला एवढा राग का आला होता ते तेव्हाही कळत नव्हतं. आठवड्यातून एक दिवस आपला असतो, आणि तोही कोणीतरी असा फसवून नेतो.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला नुमाननं टोपी अडकवायच्या आधीच विचारलं, "सांग." आमची पद्धतच होती. ज्यानं पिक्चर बघितला त्यानं शुक्रवारी मशीनवर सांगायचा. बाहेरच्याला वाटेल प्रेसच्या दणक्यात काय सांगणार आणि काय ऐकणार. पण आम्ही सांगायचो. माझी प्रेस पडायची, मग त्याची पडायची, आणि मध्ये एक फट असायची, तीन-चार शब्द मावतील एवढी. त्या फटीत बोलायचं, तेही आवाजानं कमी आणि ओठांनी जास्त. ऐकणाऱ्यानं तेवढं तोंडाकडे बघायचं, शब्द घ्यायचे, नजर परत डायवर, म्हणजे पत्रा बसतो त्या साच्यावर, आणि ठोका. अख्खा पिक्चर असा तीन-तीन शब्दांनी जायचा आणि शिफ्ट कधी संपली कळायचं नाही. मशीनला खरं तर दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे कुठलाच हात डायमध्ये राहू नये. पण तसं केलं तर रोजचे नग पुरे व्हायचे नाहीत, म्हणून डावं बटण सगळेच लाकडाची खुंटी ठोकून कायमचं दाबून ठेवायचे. उजव्या हातानं ठोका, डाव्या हातानं तयार नग बाहेर, नवा पत्रा आत. सुपरवायझर खुंटी बघायचा आणि पुढे जायचा. त्याला नग हवे होते.

मी पहिल्या फटीत सांगितलं, "एकदम बकवास." नुमानचा चेहरा पडला. एवढा पडला की मलाच ओशाळं वाटलं. सहा दिवस त्यानं त्या हाताची वाट बघितली होती. मग मी सांगायला लागलो, आणि सांगता सांगता खोटं बोलायला लागलो. बंगला काढून टाकला. गाणी काढली. एक म्हातारी आणली, डोंगराखालच्या गावात एकटी राहणारी, तिचा मुलगा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडून गेलेला. तेराव्याला संध्याकाळी दार वाजतं. बाहेरून मुलाचा आवाज: आई, थंडी वाजते, आत घे. तिला माहीत आहे तो नाही. त्यालाही माहीत आहे तिला माहीत आहे. पण तो आवाज त्याचाच आहे, लहानपणी तापात बोलायचा तसा. दाराखालून हात येतो, आणि त्या हातावर गिरणीतला जुना व्रण. हे सगळं मला कुठून सुचत होतं देव जाणे, मी आयुष्यात निबंधसुद्धा धड लिहिला नव्हता. नुमानच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, नुकतंच डोहाळजेवण झालेलं त्याचं घर, होणारं मूल, सगळं त्या दाराशी येऊन उभं राहिलं असेल. आणि मला, खरं सांगतो, मला मजा येत होती. इतकी मजा मला कुठल्याच पिक्चरनं दिली नव्हती. "म्हातारी उठते," मी सांगितलं. ठोका. "दाराशी जाते," ठोका. "तिनं कडी काढली," ठोका, "आणि..." पुढची फट आली आणि मी ती रिकामी सोडली. भुवया वर करून नुसता बघत राहिलो. नुमान माझ्या ओठांकडे बघत राहिला. नजर डायवर गेलीच नाही, डावा हात आतच राहिला, आणि उजव्या हातानं सवयीनं बटण दाबलं.

त्याचं ओरडणं मला ऐकू आलं नाही. माझी प्रेस पडली. रक्त मात्र दिसलं. ते सरबतासारखं नव्हतं, ऑइलमध्ये मिसळून काळपट झालेलं होतं, आणि थोडंच होतं. डाव्या हाताची चार बोटं. अंगठा राहिला.

चौकशीच्या आधी खुंटी काढली गेली, सगळ्याच मशीनच्या काढल्या गेल्या, आणि भिंतीवर नवा पिवळा बोर्ड लागला. नुमाननं चौकशीत खरं तेच सांगितलं: ज्ञानेश मला पिक्चर सांगत होता, मी त्याच्याकडे बघत होतो. साहेब हसले. मग मला बोलावलं. मी म्हटलं, "साहेब, एवढ्या आवाजात बोललेलं ऐकू येईल का? मी माझ्या मशीनवर होतो." मी पर्मनंट व्हायचा होतो. त्याच महिन्यात व्हायचा होतो. दुसरं काही कारण नाही आणि मी दुसरं शोधतही नाही. त्यांनी लिहिलं, कामगाराला डुलकी लागली. खोटं त्या कागदावरच संपलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण झुलेखाभाभीनं दवाखान्याच्या जिन्यात मला गाठलं. पोट धरून उभी होती. "ज्ञानेशभाऊ, हे म्हणतात तुम्ही बोलत होता. साहेब म्हणतात झोपले होते. तुम्ही सांगा, तुम्ही सांगाल ते खरं." आणि मी तिलाही म्हणालो, "नाही भाभी. आम्ही बोलत नव्हतो." नुमान कंपनीतून गेला. मी राहिलो. कंपनी चाकणला मोठी झाली, मी सुपरवायझर झालो, आता दर शुक्रवारी सकाळी लाइनसमोर उभा राहून नव्या पोरांना सांगतो, मशीनवर बोलू नका. सेफ्टीचा हिरवा बिल्ला खिशाला लावतो. प्रत्येक ईदला नुमानकडे जातो, शीरखुर्मा पितो, आणि तो त्या दिवसाचं कधी काही काढत नाही म्हणून परत येताना त्याच्यावरच चिडतो. असला कसला माणूस! एकदा गचांडी धरली असती तर मीही दोन दिल्या असत्या, आणि सुटलो असतो दोघं.

काळेवाडीला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. पुढे नुमानचं चाव्यांचं दुकान, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. डाव्या अंगठ्यानं चावी शिकंज्यात दाबून धरून उजव्या हातानं कानस मारतो, अशी की बघत राहावं. दुकानाचं शटर अर्धं ओढून तो आत आला. भाभी कोपऱ्यात शिलाई मशीनवर साड्यांचे फॉल लावत होती. शिफानं मोबाईल टीव्हीला जोडला. मी म्हटलं, "काय राव नुमान, कुठला जुना भंगार काढलास. चांगला एखादा लाव की." नुमान म्हणाला, "न्हाई भावा, हाच." मग तो भाभीकडे वळला, आणि त्याच्या आवाजात मी कधी न ऐकलेली एक ऐट होती. "झुलेखा, नीट ऐक. हा पिक्चर मी आजपर्यंत बघितलेला नाही. बरोबर? तुला माहितीये. आता ह्यात एक म्हातारी येणार. पोरगा गेलेला. तो दारात येऊन आत घे म्हणणार, आणि ती कडी काढणार. तो सीन आला की मला सांग, झोपलेल्या माणसाला तो कुणी सांगितला." भाभी मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "तेरा वर्षं झाली तरी तुमचं तेच का?" शिफा हसली. "अब्बू, तुम्ही झोपाळू आहात हे मान्य करा ना." ती हे सहज म्हणाली. त्या घरात ते रोज म्हटलं जात असणार. नुमाननं माझ्याकडे बघून डोळा मारला, तेरा वर्षांनी, जणू आम्ही दोघं एकाच बाजूला होतो.

मग सव्वादोन तास मी तो पिक्चर बघितला. एवढा नालायक पिक्चर जगात दुसरा नसेल. पुन्हा तो तेलकट व्हॅम्पायर, पुन्हा बर्फ, पुन्हा तो हलणारा सुळा. शिफा खी खी हसत होती, आणि मला तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं. ज्यांनी तो काढला त्यांच्या एकेकाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटत होता. दार दाखवता आणि दार देत नाही? तुम्ही एक साधं दार दिलं असतंत तर मला कशाला आणावं लागलं असतं? हे मी तेरा वर्षं स्वतःला सांगत आलो, आणि त्या खोलीत पहिल्यांदा ते मला खोटं वाटलं. बकवास होता, बकवास म्हणून सोडून द्यायचा. पुजाऱ्यानं नियम सांगितला तेव्हा नुमान पुढे सरकला. "आता," म्हणाला. खिडकीतून व्हॅम्पायर आत आला तेव्हा म्हणाला, "हे दुसरं घर असंल. म्हातारीचं पुढं हाय." मध्यंतर गेलं. तो मांडी बदलत राहिला. प्रत्येक नव्या माणसाला निरखत होता, एखादी म्हातारी दिसली की बोटं नसलेला हात थोडा वर यायचा आणि परत मांडीवर जायचा. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. घशापर्यंत यायचं, आणि मी पाणी प्यायचो. तीन ग्लास पाणी प्यायलो. वाटत होतं मोबाईलची बॅटरी जाईल, वीज जाईल. गुरुवार होता, पण वीज काही गेली नाही.

नायिका घामाघूम होऊन जागी झाली. नावं वर सरकायला लागली. शिफा म्हणाली, "काय फालतू! काका, तुम्ही थेटरात जाऊन बघितला होता हा?" आणि दप्तर उचलून ती ट्यूशनला गेली. नुमान पडद्याकडेच बघत होता. "मधला तुकडा कापला असंल," तो म्हणाला. "मोबाईलवर कापतात."

"काही कापलेलं नाही," भाभी म्हणाली. तिनं मशीन थांबवलं होतं. मग माझ्याकडे बघून ती हसली, वाईट नाही, दमल्यासारखी. "बघितलंत ना भाऊ? ती म्हातारी पिक्चरमध्ये नाहीच. पिक्चर बघितलेला नाही, कुणी सांगितलेला नाही, मग आली कुठून? मी तेव्हाच म्हणलं होतं, झोपेत दिसली असंल. अहो, आता तरी पटलं का तुम्हाला?"

नुमाननं डावा हात उलटा-पालटा करून बघितला. "पटलं," म्हणाला. "मला तर ह्याचं तोंडसुद्धा दिसत होतं, झुलेखा. ओठ हलताना दिसत होते. पण नसंल. झोपलोच असंन मी." आणि माझ्याकडे वळून, माझ्याकडे, म्हणाला, "माफ कर भावा. तेरा वर्षं मनात तुला खोटा समजत होतो."

मी असा संतापलो की उठून उभा राहिलो आणि तिपाईवरचा ग्लास पडला. "गप बस," मी त्याच्यावर ओरडलो. "माफी मागतोस? मला? अक्कल हाय का तुला? भाभी, तो झोपला नव्हता. मी बोलत होतो. म्हातारी मी सांगितली. पिक्चरमध्ये नव्हतीच ती, मी बनवली, तिथं उभ्या उभ्या. आन् कडीपाशी येऊन मी मुद्दाम थांबलो. एक ठोका जास्त थांबलो. म्हणून तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला."

भाभीनं सुईत अडकलेली साडी हळूच सोडवली, घडी घातली. "जिन्यात मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "ही पोटात होती माझ्या. मी म्हणलं होतं, तुम्ही सांगाल ते खरं."

"व्हय."

"मी यांना पाहुण्यांसमोर बोलले. माझ्या भावांसमोर बोलले. पोरीला सांगून सांगून मोठी केली, अब्बूसारखी झोपू नकोस, हात जाईल. आणि ईदला तुम्ही इथं बसून खात होता." तिचा आवाज चढत गेला. "माझ्या हातचं खात होता!"

नुमान मात्र शांत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी परत येत होतं, तो ऐट मारणारा माणूस परत येत होता. तो म्हणाला, "ते असू दे आता. पुढचं सांग. तिनं कडी काढली आणि?"

"आणि काही न्हाई."

"म्हणजे?"

"मला सुचलं नव्हतं," मी म्हटलं. हे मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. "मुद्दाम थांबलो म्हणतो, पण तसंबी न्हाई. दारामागं कोण हाय तेच मला ठरवता येईना. म्हणून थांबलो. भुवया वर करून बघत राहिलो, तुला वाटावं मला माहितीये."

तेव्हा नुमान चिडला. बोटं गेली तेव्हा नाही, नोकरी गेली तेव्हा नाही, आत्ता. मान लाल झाली त्याची. "एवढ्यासाठी?" तो म्हणाला. "तेरा वर्षं मी रोज कानस मारताना त्या दाराशी उभा हाय, रोज. आन् तुझ्याकडं काहीच नव्हतं? उठ. चल, नीघ इथून."

मी उठलेलाच होतो. दुकानातून न नेता त्यानं मला बाजूच्या दारानं गल्लीत काढलं आणि दार लावलं. आतून कडी लागली. मी पायरीवर बसून बूट घालायला लागलो. लेस बांधता येईना. आत शिलाई मशीन बंदच होतं. मग भाभी म्हणाली, "सांगा मला. पहिल्यापासून सांगा. तो पोरगा गेला कसा?"

नुमाननं घसा साफ केला. "गिरणीवर होता तो," म्हणाला, आणि थांबला. "पट्ट्यात सापडला." पुन्हा थांबला. समोर मशीन नसताना तो ठोक्यांच्या मधल्या फटीत बोलत होता, तीन-तीन शब्द, जसं मी सांगितलं होतं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. थंडी, आवाज, दाराखालचा हात, हातावरचा व्रण. भाभी मध्ये काही विचारत नव्हती. मी दाराला टेकून ऐकत होतो आणि मला राग येत होता, माझी गोष्ट होती ती, आणि ती सांगायचा हक्क माझा उरला नव्हता. "म्हातारी उठते. दाराशी जाते." मी कान दाराला लावला. "तिनं कडी काढली," नुमान म्हणाला, आणि थांबला नाही. पुढचं सांगत गेला. पण गल्लीत एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याच्या आवाजात मला एकही शब्द कळला नाही, आणि ओठ बघायला मी आत नव्हतो.